पाच मिनिटं बोलायचं नाही

चालत्या गाडीत उभं राहायची सवय लागलेलं माणूस जमिनीवरही तसंच उभं राहतं. कंडक्टरबाई आमच्या चाळीत राहायला आल्या तेव्हा त्यांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. तरी कुणाच्याही दारात आल्या की दोन्ही पाय फाकवून, एक खांदा चौकटीला टेकवून उभ्या राहायच्या. जणू आमची विश्रांतवाडीची सगळी चाळ आता आळंदी रस्त्याला वळणार आहे आणि त्यांना तोल सांभाळायचा आहे. खुर्ची पुढे केली तर म्हणायच्या, "बसायला पॅसेंजर असतात."

त्यांना नाव होतं, पण चाळीत ते कुणी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. सगळे बाई म्हणायचे. त्या मला मिस्त्री म्हणायच्या. चाळीस वर्षं मी फरशी बसवली. शाळा चौथीपर्यंत, पण पुण्यात मी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा, गोटी जागची हलणार नाही. हे मी कुणालाही सांगतो. बाईंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. आता त्या फरशीवर पाय टेकवून गप्प बसा पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं ही बाईंची खरी ओळख. ब्लडप्रेशर मोजायच्या आधी माणसानं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात टेबलावर सैल सोडून पाच मिनिटं बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. तेवढा वेळ बाई पाठ करून दारात उभ्या राहायच्या. कुणी हूं केलं तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आमच्या चाळीत बावीस खोल्या, मध्ये नळ, नळाजवळ ओटा. दिवसभर भांडी आणि भांडणं. तिथं कुणी पाच मिनिटं गप्प बसतं म्हणजे काय, हे आम्हाला त्या बाईनं दाखवलं. चाचा तर त्यात झोपायचा. चाचा म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला, बेकरीत भट्टीवर काम केलेला माणूस. त्याची तीन पिढ्यांची माणसं पुण्यातच पुरली आहेत आणि त्याचा त्याला अभिमान होता. खारी खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नसे. बाई त्याला म्हणायच्या, "चाचा, त्या खारीचं नाव काय आहे ते एकदा मोठ्यानं म्हणा. मला वेगळं सांगावं लागणार नाही."

यंत्र त्यांच्याकडे आलं त्याचीही गोष्ट आहे. रिटायर झाल्या तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. बाई दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊन दुकानात गेल्या आणि बदल्यात ब्लडप्रेशरचं यंत्र द्या म्हणाल्या. दुकानदार औषधांचा. त्याला घड्याळ काय करायचं? पण बाई दुकानातून हलेनात. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी घड्याळ त्याच्या दुकानात लागलं आणि यंत्र बाईंच्या खाकी पिशवीत गेलं. मी विचारलं, घड्याळात काय वाईट होतं? म्हणाल्या, "वेळ बघण्यात माझं आयुष्य गेलं मिस्त्री. माणूस बघायचा राहिला."

तो माणूस म्हणजे त्यांचा ड्रायव्हर. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर बाई कामाला लागल्या आणि अकरा वर्षं एकाच ड्रायव्हरबरोबर एकाच मार्गावर फिरल्या. बोलणं असं नव्हतंच. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. त्याला ब्लडप्रेशर होतं, गोळ्या होत्या, खिशातच असायच्या. बरं वाटलं की घ्यायचा नाही. एका दुपारी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला नीट घेतली, हँडब्रेक ओढला, आणि मग त्याचा डावा हात तिथून उचलेना. बाईंनी मागून दोनदा बेल दिली, तीनदा दिली. गाडी का निघत नाही म्हणून पुढे गेल्या तर तो त्यांच्याकडे बघत होता आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

आमच्या चाळीत बारा-तेरा जणांना हा आजार निघाला. बाईंनी पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मागे लागून आणखी एक यंत्र मिळवलं. मग दोन यंत्रं घरोघर फिरायची. ज्याचा आकडा चढा त्याच्या घरी यंत्र मुक्कामाला. सकाळ-संध्याकाळ मोजायचं, वरचा आकडा, खालचा आकडा कार्डावर लिहायचा, आणि शनिवारी सकाळी यंत्र आणि कार्ड घेऊन ओट्यावर यायचं. कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. कोऱ्या बाजूला आमचे आकडे, उलट बाजूला गणपती आणि कुणाचा तरी शुभविवाह. आठवडाभर गोळी चुकली नाही आणि आकडा एकशे चाळीस-नव्वदच्या आत राहिला की बाई पिशवीतून चिमटा काढायच्या. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. तिकिटाची यंत्रं आली तेव्हा चिमटे भंगारात निघाले, बाईंनी आपला ठेवून घेतला होता. टिक करून कार्डाला भोक पडायचं. म्हाताऱ्या माणसांनी त्या भोकासाठी लोणचं सोडलं. मी डोळ्यांनी बघितलं आहे. नाहीतर मला खरं वाटलं नसतं.

निघताना बाई पत्र्याच्या दारावर दोनदा बोटं वाजवायच्या. टक टक. म्हणजे चला. कुणाला थांबवायचं असलं की एकदाच. चाळीतल्या बायका रोजच्या बोलण्यात तसं करायला लागल्या होत्या.

आता माझं सांगतो. हे सांगितल्याशिवाय बाई कळणार नाहीत.

माझा आकडा एकशे सत्तरच्या वर निघाला. डॉक्टरनं गोळी दिली. महिनाभर घेतली, आकडा उतरला, मी गोळी बंद केली. बरं झालं की औषध कशाला, एवढा माझा हिशोब. महिन्यानं शनिवारी बाईंनी सगळ्यांदेखत मोजलं तर पुन्हा तेवढाच. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, सिमेंट वाळलं म्हणून घर पाडत नाहीत." ओट्यावरच्या बायका हसल्या. चाळीस वर्षं माझ्या हाताखाली माणसं होती. मला कुणी असं हसलं नव्हतं. मी तिथंच बोलून गेलो, की गोळीशिवाय उतरवून दाखवतो, महिना बघा. बाईंनी यंत्र माझ्याकडे सरकवलं.

पहिल्या दिवशी माझा आकडा एकशे बहात्तर. दुसऱ्या दिवशी एकशे शहात्तर. पहाटे उठून चाललो, लसूण चावला, काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा ठेवत होती. तिला म्हटलं, ये, बस इथं. पट्टा तिच्या दंडावर बांधला. पाच मिनिटं दोघं गप्प बसलो. एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. तो आकडा मी माझ्या कार्डावर लिहिला.

तिला कळलं नाही असं नाही. हसून म्हणाली, "माझा हात धरायला तुम्हाला यंत्र लागलं होय?"

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ तेच. शनिवारी बाईंनी कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, गोळीचं विचारलंही नाही, चिमटा काढला, टिक. पुढच्या शनिवारी पुन्हा टिक. चाळीत माझं नाव झालं. लोक उपाय विचारायला यायचे. मी लसूण सांगितला. चाचानं तो एवढा खाल्ला की त्याच्या बेगमनं त्याची गादी बाहेर टाकली. नशीब, तो गोळीही घेत होता आणि लसूणही.

मला त्यात चूक वाटत नव्हती, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे पाणसळ होती, फरशीची पातळी बघायची. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये आला की फरशी सरळ. एका पोरानं एकदा पाणसळीखाली कागदाची घडी सरकवून बुडबुडा मध्ये आणून दाखवला होता. मी त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. आणि इथं मी काय करत होतो? पाणसळ दुसऱ्याच भिंतीला लावून माझी भिंत सरळ म्हणत होतो. हे तेव्हाही कळत होतं. पण तोंडातून गेलेला शब्द मला कधी परत घेता आला नाही. माझ्या बापालाही येत नव्हता.

आणि दुसरंही खरं सांगतो. ती पाच मिनिटं मला आवडायला लागली होती. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण मी कामावर, ती घरात, मग पोरं, मग त्यांची लग्नं. आम्ही दोघं काही न करता शेजारी असे कधी बसलो नव्हतो. तिचा हात टेबलावर, माझं बोट बटणावर, आणि बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज.

सहाव्या आठवड्यात गुरुवारी सकाळी आकडा आला एकशे शहात्तर, एकशे चार.

मी यंत्राला थापटलं. सेल बदलले. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. संध्याकाळी एकशे ब्याऐंशी. बायकोला विचारलं, काही होतंय का? तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, चार दिवस झाले, मान मागून जड होते, बाम लावते. तेवढंच. तिला कधी काही होत नसे, म्हणून तिचं कार्ड कुणी केलंच नव्हतं. तिनंही मागितलं नव्हतं.

मी कार्ड समोर घेऊन बसलो. खरा आकडा लिहिला तर तो माझ्या नावावर चढणार, गोळी मला मिळणार, तिला नाही. तिचा म्हणून सांगितला तर दीड महिन्याची सगळी भोकं खोटी. मी एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर लिहिलं. सवयीनं हात तसाच चालला. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच लिहिलं. दुपारी बायको पाण्याची कळशी भरायला वाकली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, भिंत बघतेय सरळ आहे का.

मी चपला घातल्या आणि बाईंच्या खोलीवर गेलो. त्या मेथी निवडत होत्या, उभ्यानंच, कट्ट्याला टेकून. मी म्हणालो, "बाई, कार्डावरचा आकडा माझा नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. मेथी निवडणं थांबलं नाही. "तुमच्या दंडाला पट्टा जेमतेम पुरतो. यंत्र परत येतं तेव्हा पट्टा बांगडीएवढा गुंडाळलेला असतो. पास कुणाचा आणि चेहरा कुणाचा हे बघण्यात माझी सगळी नोकरी सरली मिस्त्री. तुम्ही दुसऱ्याच्या पासवर प्रवास करताय हे मला पहिल्याच शनिवारी कळलं."

मला राग आला. चूक माझी आणि राग मलाच. म्हणालो, मग बोलला का नाहीत?

"पॅसेंजरला सगळ्यांदेखत उतरवलं की तो पुन्हा गाडीत चढत नाही. तुम्ही स्वतः उतराल म्हणून वाट बघत होते."

"आता तिचा एकशे ब्याऐंशी आलाय," मी म्हणालो. "कालपासून. मी लिहिला नाही."

बाईंच्या हातातली मेथी खाली पडली. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पिशवी खांद्याला लावून त्या माझ्या पुढे चालायला लागल्या. तसे फाकवलेले पाय टाकत एवढं भराभर चालता येतं हे मला माहीत नव्हतं. वाटेत एवढंच म्हणाल्या, "पट्टा बघितला मी. हात कुणाचा ते विचारायला हवं होतं."

घरी आल्यावर बायकोला बसवलं. मी काही सांगायला गेलो तर बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. तशा घाईतही पाच मिनिटं सोडली नाहीत. आकडा बघितला आणि दारावर एकदाच टक केलं. थांबा. मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करून आलो तोवर त्यांनी रिक्षा बोलावली होती. संध्याकाळच्या आत डॉक्टरनं तपासलं, सुई-गोळी झाली. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत. मी खाली बघत बसलो. तिथली फरशी अर्धा सूत उतारात होती.

परत आल्यावर बाईंनी नवी लग्नपत्रिका काढली. बायको म्हणाली, "इतके दिवस माझा हात वापरलात, आता वर माझं नावही लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर कसंही आहे, पण ते नाव मी सावकाश लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मीच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी मला सांगायला लावलं नव्हतं. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. शेवटी चाचा म्हणाला, "म्हणजे मिस्त्री, तो लसूण फुकट गेला?" मग हसले सगळे. बाईंनी माझं कार्ड घेतलं, फाडलं नाही. भोकं असलेल्या भागावर एक रेघ मारली, खाली माझा खरा आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "चला, पुढे." एवढंच. त्या दिवसापासून माझी गोळी एकदाही चुकलेली नाही. हे मी अभिमानानं सांगतो, आणि यात खोट नाही.

चाळ पाडली त्याला आता काही वर्षं झाली. तिथं सात मजली इमारत आली, आम्हाला चौथ्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे. फरशी दुसऱ्यानं बसवली आहे, तिच्यावर मी बोलत नाही. दारं लोखंडी आणि बंद. ओटा नाही. बाईंना इमारत होईपर्यंत थांबायचं नव्हतं, चाळ पाडायच्या आधीच त्या वाघोलीला भाचीकडे निघाल्या. दारात टेम्पो उभा, सामान ते काय, दोन पेट्या आणि एक गादी. सगळं चढवून झाल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना खुर्चीवर बसलेलं मी बघितलं नव्हतं.

पिशवीतून यंत्र काढून त्यांनी हात टेबलावर ठेवला. "माझं मोजा," म्हणाल्या.

मी विचारलं, आजपर्यंत तुमचं कोण मोजत होतं? म्हणाल्या, "मीच. पण स्वतःचं तिकीट स्वतः तपासणारा कंडक्टर तुम्ही कधी बघितलाय का?"

मी म्हणालो, चाचाला बोलावतो, त्याचं कार्ड स्वच्छ आहे. माझ्यासारख्या खोटं लिहिलेल्या माणसाकडून कशाला? त्यांनी मान हलवली. "एकदा पकडलेला माणूस पुन्हा विनातिकीट बसत नाही. तुम्हीच मोजा."

पट्टा बांधला. त्यांचा हात बारीक होता, माझ्या बायकोपेक्षाही. पाच मिनिटं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी डोळे मिटले होते. यंत्र गुरगुरलं, थांबलं. एकशे चौसष्ट, शहाण्णव. एकशे तीस म्हटलं असतं तर बाई हसत टेम्पोत बसल्या असत्या, आणि माझं मन तेच म्हणत होतं. मी एकशे चौसष्ट म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "नक्की?"

"पाणसळ लावून सांगतोय, बाई."

"मग वाघोलीत पहिला दवाखाना शोधायला हवा," त्या म्हणाल्या आणि उठल्या. जाताना चिमटा माझ्या हातात दिला. टेम्पोत पुढे बसून पत्र्यावर दोनदा बोटं वाजवली.

नंतर दर शनिवारी सकाळी वाघोलीहून फोन यायचा. भाची आकडा सांगायची, मागून बाईंचा आवाज यायचा, नीट सांग, मिस्त्री पट्टा ओळखतात. मी त्यांचं कार्ड करून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं होतं. आकडा आत आला की टिक. तीन कार्डं भरली. चौथ्या कार्डाला नऊ भोकं आहेत. दहाव्या शनिवारी फोन भाचीचाच आला, पण आकडा सांगायला नव्हता. झोपेतच गेल्या म्हणाली, त्रास झाला नाही. मी विचारलं, गोळी घेतली होती? ती म्हणाली, हो काका, रोज. मी फोन ठेवला. थांबायची एक बेलसुद्धा दिली नाही बाईंनी.

खाली पार्किंगमध्ये मी अजून शनिवारी खुर्च्या मांडतो. चाचा येतो, आणखी चार-पाच येतात. इमारतीतली नवी माणसं हात पुढे करून आधी बोलायला लागतात. मी त्यांना गप्प करतो. मला ते जमतं, पण बाईंसारखं पाठ करून उभं राहणं जमत नाही, माझे पाय दुखतात.

खालून वर आलो की शेवटी आम्ही दोघं. बायको हात टेबलावर ठेवते, मी समोर बसतो. तिची नजर कधी भिंतीवरच्या त्या चौथ्या कार्डाकडे जाते, कधी माझ्याकडे. फोन वाजायची वेळ तीच असते. मागच्या शनिवारी तिनं विचारलंच, "अहो, ते कार्ड आता काढायचं का?"

मी बोट ओठांवर ठेवलं आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.